पाव न देणारा बेकरीवाला

बारामतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची बेकरी आहे. तो मान खाली घालून बोलतो आणि वाक्याच्या शेवटी "बगा" म्हणतो. मी जुन्या मोटारपंपांचा व्यापारी. सगळ्या बाजाराचे भाव पाडले, पण त्याच्या पावाचा भाव कधी पाडता आला नाही.

मला मधुमेह निघाला. पायाची जखम भरेना. पाव खाल्लात तर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ते गल्लीभर झालं. तरी घरात खिमा आला तसा मी गुपचूप बेकरीत गेलो.

"तुमाला पाव न्हाय, आबा. पायाची पट्टी अजून वली हाय, बगा," तो भर गिऱ्हाइकांत म्हणाला.

"दुप्पट पैसे घे!" आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून भाव चढवला.

"कोबी हाय का घरात?"

मी शिव्या देत घरी आलो. मागोमाग तोही आला. त्यानं कच्च्या खिम्यात आलं-मिरची घालून अंडं फोडलं, तव्यावर जाड टिक्क्या भाजल्या आणि कांदा-चटणी लावून कोबीच्या पानांत दाबल्या.

"भाऊ, तुमी तरी दुकानातनं पाव आणून घ्या," बायको म्हणाली.

"आबांसमोर? न्हाय, बगा." त्यानंही कोबीच खाल्ला.

चव झकास होती. मी तसं म्हणालो नाही, आणि तो अपमानही विसरलो नाही. अजून खिमा आणला की बेकरीसमोर थांबून ओरडतो, "कोबी घेतलाय रे!"

तो मान वर करत नाही. माझ्या पायाकडे बघतो.