सरकारी शिक्क्याचा चार्जर

लोहाऱ्याहून उमरग्याला जाताना जीपमध्ये पुढच्या सीटवर एक म्हातारबा माझ्या शेजारी होते. ड्रायव्हरनं मोबाईलला यूएसबी चार्जर लावला, तसा त्यांनी कान दाबला.

"काढ रं ते. कानातलं मशीन घरघर करतंय."

"सरकारी शिक्का हाय त्याच्यावर, बाबा. बघा की."

म्हातारबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि शिक्का नीट बघितला.

"शिक्का न्हाय घरघरत. चार्जर घरघरतोय."

ड्रायव्हरनं चार्जर काढला. म्हातारबांचा चेहरा सैल झाला.

मागच्या सीटवरून त्यांच्या कारभारणीनं विचारलं, "आता ऐकू येतंय न्हवं? मग लेकीच्या नावावर जमीन कधी करताय?"

म्हातारबा ड्रायव्हरला म्हणाले,

"लाव रं चार्जर. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

उमरग्यापर्यंत त्यांनी कान दाबला नाही.