पान सातवरचा रस्सा

बी.ए.ला असताना साहित्यावरचा माझा शोधनिबंध कोणी छापेना. इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत एक माणूस त्रैमासिक काढतो आणि विद्यार्थ्यांचंही छापतो, असं कळलं. म्हणजे हा न वाचताच छापत असणार! त्याची परीक्षा म्हणून पान सातवर मी आईच्या पाटोडी-रश्श्याची कृती घुसवली.

त्यानं थुंकी लावून पानं अशी उलटली, की खालच्या पराती वाऱ्यानं वाजल्या. सातव्या पानावर अंगठा थांबला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं मला न्याहाळलं.

"हे एवढं पान तुह्यं आहे गा, पण यात मीठ राहिलं. बाकीचे कोणाचे उचलले?"

माझं लिखाण इतकं नीट त्याआधी कोणीच वाचलं नव्हतं. निबंध उचलून मी जिना उतरलो, तो नव्यानं लिहायलाच.