टाचणीबाईंच्या पोटातली गोष्ट

टाचणीबाईंचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. कपडे शिवणारी ही बाई, तोंडात कायम सहा-सात टाचण्या धरलेल्या. तशाच अवस्थेत ती बोलायची, हसायची, गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायची. आणि कोणी अडचणीचं काही विचारलं, की आणखी चार टाचण्या तोंडात जायच्या. मग विचारा काय विचारायचं ते! उत्तर एकच, "हं, हं."

त्यांची लेक गुंडी लहानपणी विचारायची, "आई, माझं नाक कोणासारखं गं?" झालं! चार टाचण्या आत.

कारण गुंडी दत्तक होती. सात महिन्यांची असताना दूरच्या गावाहून आणलेली. वर्षभरात नवरा गेला, आणि ही गोष्ट ठाऊक असलेलं दुसरं माणूस उरलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता पोरगी चोवीस वर्षांची झाली आणि दुसऱ्या मशीनवर शेजारी येऊन बसली. बाईंनी गोष्ट पोटातच ठेवली.

आता नशीब बघा. दुकानात पांढरे कोट आखूड करायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. माणसाच्या पोटात जे अब्जावधी जंतू सुखानं नांदतात, त्यांचा त्या अभ्यास करत होत्या, आणि त्यांना मायलेकींच्या जोड्या हव्या होत्या. गुंडी पहिल्यापासून हौशी. तिनं लगेच दोन अर्ज आणले, थुंकीसाठी दोन नळ्या आणि "त्यासाठी" दोन डब्या.

"शी! डबीत भरून लोकांना द्यायचं?" टाचणीबाई किंचाळल्या. गुंडी हसता हसता स्टुलावरून घसरली.

बाईंनी नाक मुरडत अर्ज भरला. नात्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पोटची मुलगी'. खाली छापलं होतं, 'जीन्स तपासण्यास हरकत नाही'. जीन्स? दिवसाला चार तरी जीन्स त्या आखूड करत. "तपासा बापडे, माझी शिलाई उसवायची नाही!" म्हणून त्यांनी झोकात सही ठोकली.

महिन्याभरानं निरोप आला. शुक्रवारी दोघींनी निकाल घ्यायला या, जंतूंचा आणि जीन्सचा.

"त्यांना माझी शिलाई आवडली वाटतं," बाई म्हणाल्या.

गुंडीला हसू आवरेना. "अगं, त्या जीन्स नव्हेत! आईबापांकडून अंगात येतात ना, नाकडोळे, उंची ठरवणाऱ्या, त्या! आता कळेल माझं नाक कुणाचं."

बाईंनी झटकन टाचण्यांकडे हात नेला. टाचण्यांचा अख्खा डबा तोंडात घातला असता तरी पुरला नसता. गुरुवारी बटणं आणायचं निमित्त काढून त्या एकट्याच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मी खोटं लिहिलंय."

"कळलं मला," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "जीन्स जुळत नाहीत. तो जीन्सचा तक्ता उद्या तिच्या हातात जाणार. पण तुम्ही हा दुसरा बघा. चाळीस जोड्या तपासल्या. पोटातले जंतू सगळ्यात जास्त जुळले ते तुम्हा दोघींचे."

"म्हणजे?"

"एका घरात राहून, एका भांड्यातलं खाऊन ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात."

"आणि दोरा मी जिभेवर ओला करून देते, ती ओवते," बाई ओशाळून म्हणाल्या.

"तेही आलंच! बरं, गुंडी दूध पिते?"

"सकाळ-संध्याकाळ पेलाभर. बाधत नाही कधी."

"गंमत तिथेच आहे. मोठेपणी दूध पचवणारी जीन तुमच्यात आहे, तिच्यात नाही. त्यामुळे दुधातली साखर तिच्या पोटात उरते, आणि ती खाणाऱ्या जंतूंची चंगळ होते. म्हणजे कुणाला आत जागा मिळणार, यात जीन्सचा हात असतो. आणि ते जंतू बहुधा तिला दूध सोसायला मदत करतात. शिवाय जंतू जे काही तयार करतात, त्यानं आपल्या काही जीन्स जाग्या होतात, काही गप्प बसतात. दोघांचा एकमेकांवर अंमल."

बाईंनी जरा विचार केला. "कापड तिचं, पण बेतलं आमच्या घरात."

"अगदी! आता अर्जातला तो शब्द खोडायचा का, ते तुम्ही सांगा."

"तिला विचारून सांगते," बाई म्हणाल्या आणि घरी निघाल्या. बटणं राहिलीच.

दुकानात गुंडी कॉलरला टाके घालत होती. बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून टाचण्या टोचायच्या छोट्या गादीत खोचल्या. शेवटची खोचली तशी गुंडीनं मशीन थांबवलं. आईचं तोंड तिनं इतकं रिकामं कधी पाहिलं नव्हतं.

"गुंडे, तुला मी आणलंय. सात महिन्यांची होतीस."

"माहितीये."

"काय?"

"तुझी मापांची वही! शेजारच्या पोराचं माप जन्मल्यावर तिसऱ्या दिवसाचं आहे, आणि माझं पहिलं सात महिन्यांचं. तुझ्यासारखी बाई स्वतःच्या पोरीला सात महिने बिनमापाची ठेवेल? दहावीतच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस, मेले?"

"विचारलं की तू टाचण्या घालायचीस. वाटलं, एखादी गिळशील!"

बाई रडत होत्या की हसत होत्या, त्यांनाच कळेना. डोळे पुसत त्यांनी जंतूंचं सगळं सांगितलं, जमेल तसं, थोडं उसवून, थोडं शिवून. मग म्हणाल्या, "अर्जावर मी 'पोटची' लिहिलंय गं. उद्या खोडून येऊ."

गुंडीनं सुई उचलली, दोरा आईपुढे धरला.

"खोडायचं कशाला? पोटच तर जुळलंय आपलं. ओला कर बघू."