गर्द हिरवा तुकडा

उपग्रहाच्या चित्रांवरून नदीच्या खोऱ्यातली हिरवळ मोजणं, हे माझं काम. होसकोट्याजवळचा एक तुकडा पूर्वीपेक्षा बराच हिरवा दिसत होता, म्हणून एकदा बघायला गेलो. नाचणीची शेतं जाऊन तिथं निलगिरी उभी राहिली होती. झाडांमधून एक बाई एकटीच फिरत होती. हातात विळा, खांद्यावर रिकामं पोतं. पायानं वाळका पाला सारायची, वाकून बघायची आणि पुढं जायची. पाल्याची करकर सोडली, तर तिथं कशाचाच आवाज नव्हता.

मी फोनवरचा नकाशा तिच्यापुढं धरला. कन्नडमध्ये म्हटलं, "अक्का, इथं हिरवं वाढलंय बघा."

तिनं मान वर करून शेंडे बघितले.

"वर आहे, अण्णा. माझी गाय खाली बघून चरते."

आवाजात राग नव्हता. पूर्वी इथं बांधावरच्या गवताला आम्ही पाचजणी यायचो, एवढंच आणखी म्हणाली आणि पुन्हा पाला सारू लागली.

ऑफिसात परतल्यावर मी त्या तुकड्यापुढं 'सुधारणा' असं लिहिलं. तिचं पोतं मांडायला तक्त्यात रकाना नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही.