बेचाळिसावं चित्र

आधीच सांगते, मी एकवीस वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलं आहे. देवचार, चकवा, मुंजा... आमच्या मालवणात असल्या गजालींना तोटा नाही, आणि त्या सांगणाऱ्यांना मी चारचौघांत उलटतपासणी घेऊन गप्प केलेलं आहे. तेव्हा हे वाचून माझीही खुशाल उलटतपासणी घ्या. मी स्वतःची घेऊन थकले.

आम्ही तारकर्लीला राहतो, घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. गेल्या वर्षी जानेवारीत तिथे इंग्रिड म्हणून स्वीडनची एक सत्तरीची बाई उतरली. ती खरं तर माझ्या वडिलांसाठी आली होती. माझं माहेर पिंगुळी आणि बाबा चित्रकथी – म्हणजे चित्रांची सुटी पानं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगणारे. त्यांच्या पानांवर नंबर नसतात, क्रम सगळा डोक्यात. लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'पेंटर' लिहायचे.

इंग्रिडकडे तिच्या आजोबांचं एक पुस्तक होतं. उत्तरेकडच्या त्या थंड देशांतली माणसं, जनावरं, समुद्र कसे असतात हे जगाला दाखवायला कोणे एके काळी लाकडी ठशांनी छापलेलं. मजकुराचा भाग कधीच हरवलेला, उरली होती एक्केचाळीस चित्रं. पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरणारे शिकारी, रेनडिअर जुंपलेल्या गाड्या, गोठलेल्या तळ्याला भोकं पाडून ओढलेलं जाळं, जहाजाला विळखा घालणारा भलामोठा साप... कुणा बाइंडरने कडा कापताना पानांचे नंबरही उडवलेले. चित्रांवरून गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तिला ती दाखवायची होती.

पिंगुळीला जायच्या आदल्या दिवशी ती देवबागला होडीतून फिरायला गेली, पुस्तकाची पिशवी जवळ घेऊनच. खाडी-समुद्राच्या संगमावर लाट होडीत आली. परतली तेव्हा शिवण सुटून पुस्तकाचा लगदा व्हायच्या बेतात होता आणि ती रडवेली. मी म्हटलं, काळजी करू नका, वाळवणात आमचा हात कोण धरणार? घरापुढच्या खळ्यात चटई टाकली आणि सासूबाईंनी शिकवलं होतं तशी पानं सुकत घातली – बांगडे घालतात तशी. सुकेल ते सावलीत सरकवायचं, ओलं त्याच्या जागी उन्हात आणायचं, मधून मधून उलटायचं. संध्याकाळपर्यंत पानं खडखडीत वाळली, आणि क्रम पार गेला. बांगड्यांना क्रम नसतो, पुस्तकाला असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

इंग्रिड रागावली नाही. पानांचे फोटो तिने कधी काढले नव्हते. आजोबांनी मांडीवर बसवून दाखवलेला क्रम तिला अर्धामुर्धाच आठवत होता. आजोबांची तिच्याकडे एवढीच एक वस्तू, आणि ती मी विस्कटून ठेवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगुळीला बाबांपुढे सगळी पानं मांडली. देश कुठला, हेही त्यांनी विचारलं नाही. तोंडातल्या तोंडात गुणगुणत एकेक पान उचलत गेले, लावत गेले. तासाभरात ओटीवर ओळ लागली. मधे मात्र एका पानाची जागा त्यांनी रिकामी सोडली.

"हय एक कमी आसा," ते म्हणाले. "बाईल आसा. पायांक फळये, पाठीर पोर."

मी इंग्रिडला सांगितलं. आजोबांच्या वेळेपासून एक्केचाळीसच आहेत, असं ती नम्रपणे म्हणाली. मी ओशाळून बाबांना म्हटलं, राहू दे. ते चिडले नाहीत.

"चित्राचा ऐकूक व्हया, गो. ता आपली जागा आपणच सांगता."

मग कागद मागून घेतला आणि ते चित्र काढलंच – आमच्या पिंगुळीच्या ढंगात, मोठ्या डोळ्यांची, टोकदार नाकाची बाई. तिच्या पायाची एक फळी लांब, एक आखूड. बाबा, फळी चुकली, मी म्हटलं. त्यांनी ती तशीच ठेवली. वयामुळे हात हलला असेल, असं मी समजले.

इंग्रिड ते चित्रही घेऊन गेली. जूनमध्ये तिचा ईमेल आला. तिकडच्या एका लायब्ररीत तिला याच पुस्तकाची पूर्ण प्रत सापडली होती, नंबरांसकट. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पानं बाबांनी लावली त्याच क्रमाने. आणि बाबांनी जागा सोडली होती तिथे, त्या प्रतीत एक चित्र जास्त. सोबत फोटो होता. बर्फावरून निघालेली बाई, पाठीवर पोर... एक फळी लांब, एक आखूड. त्या भागात पूर्वी तशाही फळ्या वापरायचे म्हणे, एका पायाने रेटायचं आणि दुसऱ्याने घसरायचं.

क्रमाचं मी समजू शकते – जन्मभर चित्रं लावणारा माणूस, असेल त्याला नजर. पण ते पान? बाबांकडे साधा बटणांचा फोन. असं पुस्तक आधी कुणी आणलं होतं का, हे पिंगुळीत घरोघर विचारून झालं; कुणीच नाही. इंग्रिडकडून बाकीच्या पानांचे फोटो मागवून, मोठे करकरून पाहिले. सगळ्या फळ्या सारख्याच लांबीच्या. शेवटी बाबांनाच विचारलं.

"माका काय ठावक? माका ती दिसली," एवढंच म्हणाले, आणि चहा मागितला.

वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी शून्य मार्क दिले असते.

इंग्रिडने पुस्तक नव्याने बांधून घेतलं. रिकाम्या जागी तिने लायब्ररीतल्या पानाची कॉपी लावली नाही, बाबांचं चित्र लावलं. त्याखाली छापायला तिने बाबांचं नाव आणि व्यवसाय विचारला होता. नाव लिहिलं. पुढे खोडाखोड न करता लिहिलं – चित्रकथी.