हजर कोण कोण?

पक्षी बघणाऱ्या माणसाकडे पक्ष्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात, हे मी स्वानुभवाने सांगतो. पक्षी काय, आपण लेन्सचं झाकण काढेपर्यंत भुर्र होतो. किस्सा मात्र कुठेही जात नाही! आणि आमच्याकडे साठलेत ते जवळजवळ सगळे घाबरण्याचे. जी फेरी निवांत झाली ती कुणालाच आठवत नाही. ज्या दिवशी पाय लटपटले, तो दिवस मात्र दर लग्नात, दर बारशात पुन्हा सांगावा लागतो.

आम्ही चौघं आहोत. घरत सर शाळेतून रिटायर झालेले, ते पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करतात. वैशालीताई तलासरीला सरकारी ऑफिसात आहेत, दुर्बीण त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या बरोबरीने असते. जिग्नेशभाईचा डहाणूत फोटो स्टुडिओ आहे. मोठी लेन्स त्याची आणि गाडीही त्याचीच. मी पाटील, रेल्वेत. माझ्याकडे साधा कॅमेरा आहे आणि चौघांत भित्रा म्हणाल तर मीच.

*

सरांचे दोन नियम आहेत. त्यांनी बोट वर केलं की असाल तिथे थिजायचं, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आणि रेकॉर्डिंग संपवताना सर माईकमध्ये हजेरी बोलतात. ठिकाण, हवा आणि हजर कोण कोण. शाळेतल्या मुलांना शिकवून सवय झालेली, हजेरी घेतल्याशिवाय त्यांचं मशीन बंदच होत नाही.

एकदा कैनाडला शेताच्या बांधावर उभे होतो. झुडपात नवरंग शीळ घालत होता. सरांचं बोट वर. तेवढ्यात माझ्या बुटावर काहीतरी जड आलं. खाली बघितलं तर घोणस! चांगली जाडजूड, सावकाश, जणू तिला कुठेच पोहोचायचं नव्हतं.

ओरडलो तर नवरंग जाणार, हललो तर मी जाणार. मी डोळे मिटले आणि बायकोचा चेहरा आठवला. घोणस बुटावरून उतरून गवतात शिरली तरी सरांचं बोट काही खाली येईना. नवरंग रंगात आला होता ना!

शेवटी सर माईकमध्ये म्हणाले, "ठिकाण कैनाड. हवा ढगाळ. हजर चौघं."

वैशालीताई माझ्या बुटाकडे बघत म्हणाल्या, "सर, पाच म्हणा!"

*

वाढवणला मी घाबरलो ते माणसांना. ओहोटी होती, खडक उघडे पडले होते आणि तुतारी पक्ष्यांचा थवा पाण्याच्या कडेने पळत होता. आम्ही ट्रायपॉड रोवला, त्यावर स्कोप लावला आणि वैशालीताई मोठ्याने मोजू लागल्या. ज्या गावात येऊ घातलेल्या बंदराच्या नावाने लोकांची झोप उडाली आहे, तिथे किनाऱ्यावर तीन पायांचं यंत्र लावून मोजणी करायची! अशी चूक फक्त पक्षीवालेच करू शकतात.

बघता बघता टोपल्या घेतलेल्या बायकांनी आम्हाला घेरलं. मागून पुरुषही यायला लागले. जिग्नेशभाई पुटपुटला, "पाटील, मरी गया!" त्याची गाडी लांब रस्त्यावर होती.

"काय मोजता? कोणी पाठवलं?" पुढच्या आजींनी विचारलं.

"पक्षी मोजतोय, आजी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"आज पक्षी मोजाल, उद्या आमची घरं मोजाल!"

आता वैशालीताईंना वाटलं, आपण सभ्य माणसं आहोत हे पटवून द्यावं. म्हणून त्यांनी पर्समधून काय काढावं? सरकारी ओळखपत्र! गर्दी एकदम पुढे सरकली.

सर मात्र शांत. त्यांनी आजींना हात धरून स्कोपपाशी आणलं आणि म्हणाले, "तुम्हीच मोजा." आजींनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग मागे वळून म्हणाल्या, "खरंच पाखरंच आहेत गं!"

आम्ही सुटकेचा श्वास सोडणार, तोच आजींनी आमचा ट्रायपॉड उचलून जिग्नेशभाईच्या हातात दिला. "पाखरं बघा हवी तेवढी. पण इथे काही रोवायचं नाही!"

*

जिग्नेशभाईने एकदा पानापानांचा, झुडपासारखा दिसणारा सूट मागवला. तो घालून एका चिकूच्या वाडीत खोडाला पाठ लावून बसला. हळद्याचा फोटो हवा होता. हळद्या आला नाही, लाल मुंग्या आल्या. आधी पाठीत, मग सगळीकडे!

नेमकी चिकू उतरवणारी एक बाई टोपली घेऊन तिकडून येत होती. समोरचं झुडूप किंचाळत उभं राहिलं आणि तिच्याच दिशेने धावत सुटलं. ती टोपली टाकून पळाली, आणि तिला पळताना बघून जिग्नेशभाईला वाटलं, मागे बिबट्या आहे. तो आणखी जोरात पळाला, अर्थात तिच्याच मागे!

वाडीच्या मालकाला ती धापा टाकत इतकंच सांगू शकली, "शेठ, त्या झाडाला आजपासून पाणी घालू नका!"

*

पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका गावात गणपतदादांकडे आमचं जाणं-येणं आहे. नाचणी, भात करणारं जुनं घर. एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा पिताना सरांनी हौसेने हुमा घुबडाचा घुमता आवाज स्पीकरवर लावला. घरातल्या बायकांनी मुलं आत ओढली.

गणपतदादा मऊपणे म्हणाले, "सर, बंद करा ते. हा ज्या दारात बोलतो, तिथलं माणूस जातं म्हणतात."

"अहो दादा, हा तर मशीनमधला आवाज!"

"मग तुमच्या दारात वाजवा की!"

सगळे हसले. सरही हसले आणि मशीन बंद केलं. तेवढ्यात घरामागच्या चिंचेतून खराखुरा हुमा बोलला. एकदाच. मग कुणी हसलं नाही.

परतीच्या वाटेवर सर घरी उतरले, पण मशीन मागच्या सीटवर ठेवून गेले! दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर मशीन माझ्या व्हरांड्यात. जिग्नेशभाई अजून म्हणतो, त्याला काही ठाऊक नाही.

*

पुढचा किस्सा आम्ही लग्नात सांगत नाही.

तलासरीच्या पुढे एका वळणावर सर माईक झाडाकडे धरून उभे होते. तांबट पक्षी टुकटुकत होता. मागून ट्रक आला. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, ड्रायव्हर ओरडला. सर हलेनात. वैशालीताईंनी धावत जाऊन त्यांच्या पिशवीचा पट्टा धरून त्यांना ओढलं. ट्रक वारा लावून गेला.

सर भडकले. "रेकॉर्डिंगचा सत्यानाश केलात!"

"सर, हेडफोन लावल्यावर रस्त्यात उभं राहू नका हो!" मी ओरडलो.

बोललो आणि मग नीट बघितलं. हेडफोन त्यांच्या गळ्यात होते.

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, मृणालचा फोन आला. कुणी सांगितलं कोण जाणे. "काका, बाबांना ऐकू येणं कमी होत चाललंय. हेडफोनमध्ये आवाज मोठा होतो, म्हणून त्यांना पक्षी तरी ऐकू येतात. आई गेल्यापासून ते यावरच उभे आहेत, म्हणून मी बंद करत नाही. पण त्यांना जंगलात एकटं सोडायचं नाही. एकदा जरी सोडलंत, तर मशीन कपाटात आणि बाबा घरात."

मी शब्द दिला. तेव्हापासून ती दर फेरीनंतर फोन करते आणि एवढंच विचारते, "बाबा एकटे नव्हते ना?"

*

आता हा गेल्या हिवाळ्यातला.

उधव्याच्या जंगलात ओहोळाच्या वरच्या अंगाला सरांनी सकाळी मशीन झाडाला बांधलं. माणसं असली की पक्षी मोकळे बोलत नाहीत, म्हणून मशीन चालू ठेवून आम्ही खाली गाडीपाशी आलो. टायर पंक्चर! मी आणि जिग्नेशभाई जॅकशी झटापट करत होतो, वैशालीताई ऑफिसच्या फोनवर होत्या. मान वर केली तर सर नाहीत.

हाका मारल्या. त्यांना हाका ऐकू येणार कशा? मी वाटेला लागणार, एवढ्यात सर मशीन घेऊन झाडीतून उतरताना दिसले. चेहरा खुललेला. "काय शांतता होती पाटील! दगडावर बसलो जरा. पान हललं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. टायर बदलला, निघालो. जिग्नेशभाईने मशीन गाडीच्या स्पीकरला जोडलं.

आधी आमची पावलं लांब जाताना. मग बुलबुल, सुभग, लांबवर मोर. छान वाजत होतं. मग सगळे पक्षी एकदम गप्प झाले. एका वानराने खाकरल्यासारखा आवाज काढून इशारा दिला, फांद्या खळाळल्या आणि पुन्हा शांतता.

मग श्वास. माईकच्या अगदी जवळ. जड, संथ, आत, बाहेर. जिग्नेशभाईने गाडीचा वेग कमी केला. वैशालीताईंनी माझं मनगट धरलं.

पुढे लांबून पाचोळ्यावर चपलांचा आवाज आला, आणि सरांचं गुणगुणणं. श्वास थांबला. म्हणजे दूर गेला नाही, कुठे पाऊल वाजलं नाही. सर बोट वर करतात तेव्हा आम्ही थांबवतो, तसा थांबला.

सर दगडावर बसल्याचा आवाज. पाण्याच्या बाटलीचं झाकण. बराच वेळ गुणगुणणं. मग सर माईकशी आले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "ठिकाण उधवा. हवा स्वच्छ. हजर, मी एकटाच."

त्यानंतर एक लांब श्वास बाहेर पडला. मग मशीन बंद.

गाडीत कुणी हललं नाही. पुढच्या सीटवर सर खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने वळून म्हणाले, "स्वच्छ आलंय ना? उद्या तिथेच लावू या."

माझा फोन वाजला. मृणाल होती. तिने नेहमीचंच विचारलं.

वैशालीताई माझ्याकडे बघत होत्या. जिग्नेशभाई आरशातून बघत होता.

"नाही गं," मी म्हणालो, "एकटे नव्हते."