सगळ्या वाकळा एकदम

कबूल करते, घोंगडं मी वॉशिंग मशिनमध्ये घातलं होतं. तेव्हा मी तरुण होते, बासष्टची, आणि या वयात अक्कल असतेच असा माझा समज होता.

कोडोलीचं आमचं घर कौलारू. भिंत संपते तिथून कौलांपर्यंत वीतभर फट. उन्हाळ्यात वारा खेळतो म्हणून तिचं कौतुक, हिवाळ्यात तिथूनच गारठा उतरतो. आदल्या थंडीत आमच्या मालकांचे गुडघे असे आखडले की सकाळी धरून उठवावं लागे. म्हैस मी पिळायची आणि ते खाटेवरून सूचना द्यायचे. पुण्यातल्या मुलानं हे मनात धरलं होतं. दिवाळी झाली तसा त्याचा फोन आला, "रविवारी मुक्कामाला येतोय. सोमवारी सकाळी आबा आपल्या पायानं उठलं तर ऱ्हावा. न्हाय तर चार म्हयनं पुण्याला."

मालकांचं तोंड उतरलं. "पाचव्या मजल्यावर मी करू काय? म्हशीला काय सांगू?"

"मी हाय की," मी म्हटलं. "घर असं गरम करते, पोराला घाम फुटंल."

आणि सुरुवात काय केली? शनिवारी घरातल्या सगळ्या वाकळा भिजवल्या. सहाच्या सहा. जुन्या लुगड्यांचे थरावर थर देऊन शिवलेली वाकळ धुवायची तर एकेक, कडक ऊन बघून. वाळायला दोन दिवस घेते. मला काय हे माहीत नव्हतं? माझ्याच हातानं शिवलेल्या त्या! पण पोराला स्वच्छ अंथरूण दिसायला हवं होतं. राहिलं घोंगडं, ते मशिनमध्ये. मशिन थरथरलं, दीड हात पुढं चालत आलं आणि गप्प झालं. ओलं घोंगडं बाहेर काढताना रेडकू ओढतेय असं वाटलं.

शेजारून धाकटी जाऊ बघतच होती. "आक्का, घोंगडं कुणी मशिनीत घालतं व्हय? मेंढरालाच आंघोळ घालायची हुती!"

दुपारी आभाळ भरून आलं. रविवारी सकाळीही वाकळांतून पाणी टिपकत होतं. जावेकडं मागाव्यात तर तिच्याकडं नातवंडांची फौज उतरलेली.

मग गोठ्याकडं नजर गेली. नुकतीच भातं झोडून झालेली, पिंजराची गंज दारातच उभी. भाताचा हा वाळका पेंढा अंथरूनच आम्ही भावंडं लहानपणी झोपायचो. पुढं गाद्या आल्या आणि पिंजर सगळं म्हशीचं झालं. मी पदर खोचला. पिंजर झटकून धूळ काढली, जुन्या चादरींच्या खोळी शिवल्या आणि भरल्या. अंथरायला जाड, पांघरायला पातळ. उरलेल्या पिंजराच्या लांब वेण्या वळल्या. जावेला शिडी धरायला लावली आणि कौलांखालची फट त्या वेण्यांनी ठासून बंद केली. खिडक्यांवर गोणपाट मारलं.

"घर म्हशीच्या नावावर करताय काय आक्का?" जाऊ खालून.

"तू शिडी धर नीट. मी पडले तर पुण्याला तुला धाडीन."

संध्याकाळी मुलगा आला. पांघरूण दाबून बघितलं, कुरकुर वाजलं. "आई, ह्ये काय? गोठ्यात झोपायचं?"

"आधी झोप. मग बोल."

सोमवारी उजाडलं तेव्हा दारात दाट धुकं होतं. चहा ठेवता ठेवता बघितलं तर मालकांची खाट रिकामी. कुठं पडले-बिडले का काय? तशीच गोठ्याकडं धावले. मालक उकिडवे बसले होते, गुडघ्यांत चरवी धरून धार काढत होते, आणि पुण्याच्या लिफ्टबद्दल म्हशीला काहीबाही वाईट सांगत होते. उकिडवे! आदल्या वर्षी ज्यांना खुर्चीतून उठवायला मी आणि जाऊ दोघी लागायचो, ते. मी अंगणात कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिले, की कुस्ती मारलेला पैलवानही लाजला असता.

पण हा विजय बघायला मुलगा उठेल तर ना! साडेआठ वाजले. शेवटी मालक दुधाची चरवी घेऊन त्याच्या उशाशी गेले. "उठा पावणं, धार काढून झाली माझी!"

मी मागंच होते. पिंजराच्या खोळीतून आधी केस बाहेर आले, त्यांत दोन काड्या अडकलेल्या. मग एक डोळा उघडला. बापाच्या पायांकडं बघितलं, चरवीकडं बघितलं, आणि डोळा परत मिटला.

"आई, ऱ्हावा हितंच दोघं. फकस्त आबास्नी सांग, मला आनी घटकाभर झोपू द्या."